मनगटात जोर लागतो

तारामतीबाईंना गाडी चालवता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या घरात कधीचीच ठरून गेली होती. एखाद्याला वांगं सोसत नाही, एखाद्याला दुपारी झोप लागत नाही, तसंच हे. पाहुण्यांसमोर विषय निघाला की त्यांचे यजमान हिम्मतराव म्हणायचे, "लायसन आहे हो आमच्याकडे, कपाटात जपून ठेवलंय." सगळे हसायचे, तारामतीबाईही हसायच्या. त्यात टोमणा नसायचा आणि त्यांनाही तो तसा लागायचा नाही. लागण्याचे दिवस मागे पडले होते.

त्या मूळच्या काचीगुड्याच्या. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील सिटी सिव्हिल कोर्टात वकील. छप्पन साली निजामाचं जुनं राज्य मोडून त्याचे तीन तुकडे तीन राज्यांना गेले, त्या धामधुमीत तारामतीबाईंचा जन्म झाला. दोन्ही काका बिऱ्हाड आवरून औरंगाबादला निघून गेले. वडील गेले नाहीत. "माझे अशील इथं, माझं कोर्ट इथं, तिकडे जाऊन मी कुणाची वकिली करू?" एवढंच ते म्हणायचे. त्यामुळे तारामतीबाई घरात मराठी, गल्लीत दख्खनी आणि शाळेत तेलुगू असं तिन्ही बोलत वाढल्या. कोठीच्या महिला कॉलेजात सायकलवर जायच्या. चादरघाटच्या पुलावर टांगे, लॉऱ्या, म्हशी, सगळ्यांतून वाट काढत. त्यांच्या आईला त्याची फार धास्ती वाटे, पण वडील म्हणत, "तिचा तोल चांगला आहे, जाऊ दे."

पुढे त्या गणिताच्या शिक्षिका झाल्या. एका संस्थेच्या मुलींच्या शाळेत लागल्या आणि लग्न होऊन तारनाक्याला आल्या. हिम्मतराव रेल्वेच्या लालागुडा वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांचे वडील उदगीरकडची शेती भावांवर सोपवून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेले. हिम्मतराव अंगानं आडदांड, आवाज मोठा, मन मऊ. बायकोनं नोकरी करावी, शिकावं, चार लोकांत बोलावं, याचं त्यांना कौतुकच होतं. म्हणून नव्वदच्या दशकात त्यांनी मारेडपल्लीच्या एका कंत्राटदाराकडून जुनी पांढरी मारुती आठशे घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुम्ही पण शिकून घ्या. दोघांना येत असलेली बरी." लोकांसमोर ते बायकोला अहो-जाहो करत, घरात अगं-तूगं.

तारामतीबाईंना ते हवंच होतं. चाळिशीला आल्या होत्या, पण सायकलचे दिवस अंगातून गेले नव्हते. काचीगुड्याच्या स्टेशनजवळ एक मोटार ट्रेनिंग स्कूल होतं, तिथं शाळा सुटल्यावर त्या जाऊ लागल्या. शिकवणारे मोईनसाहेब म्हातारे, पान खाणारे, कधी आवाज न चढवणारे. महिना संपत आला तेव्हा तारामतीबाई बरकतपुऱ्याच्या अरुंद रस्त्यांतून स्कूलची गाडी आरामात फिरवत होत्या. मोईनसाहेब बाजूला बसून पेपर वाचायचे. "बाजी," ते ताई म्हणावं तसं म्हणाले, "तुमना मेरी जरुरत नक्को अब." परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाल्या. लायसन हातात आलं त्या संध्याकाळी त्यांनी घरी शिरा केला.

आणि दुसऱ्या दिवशी त्या आपल्या गाडीत बसल्या.

पहिला गिअर पडला. गाडी गेटाबाहेर निघाली, हिम्मतराव डाव्या सीटवर. गल्लीच्या तोंडाशी दुसरा टाकायला गेल्या तर दांडा येईना. म्हणजे येत होता, पण जाड काकवीत पळी फिरवावी तसा, आणि ऐन जागेवर जाऊन अडत होता. त्यांनी पुन्हा क्लच दाबला, पुन्हा ओढला. खालून कर्रकन आवाज आला. हिम्मतरावांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि खाडकन दांडा मागे घेतला. दुसरा पडला.

"असं," ते म्हणाले. "मनगटात जोर लागतो."

"स्कूलच्या गाडीत एवढा लागत नव्हता."

"त्यांच्या गाडीला त्यांच्या बाजूला पण क्लच असतो की. तो दाबत असणार."

हे तारामतीबाईंना पटलं. पटण्यासारखंच होतं. मोईनसाहेब पेपर वाचत होते हे त्यांना आठवलं, पण पेपराखाली पाय काय करत होते ते त्यांनी कुठं पाहिलं होतं?

त्यांनी सोडलं नाही. रोज सकाळी युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर, झाडांच्या सावलीत, गर्दी व्हायच्या आधी त्या हिम्मतरावांबरोबर जात. सकाळच्या गारव्यात तर गिअर जास्तच आखडलेला असे. उजव्या हातानं स्टिअरिंग धरून डाव्या हातानं त्याच्याशी झटताना गाडी एका बाजूला ओढली जाई. दंड दुखे, फळ्यावर लिहिताना डावा हात टेबलावर टेकवून ठेवावा लागे. हिम्मतरावांना ही अडचणच येत नव्हती. वर्कशॉपमध्ये लोखंडाशी आयुष्य गेलेलं. दांडा अडला की ते तो हाणत आणि पुढच्या गोष्टीबद्दल बोलू लागत.

मग हब्सीगुड्याच्या चौकातली ती सकाळ आली. सिग्नल सुटला, तारामतीबाईंनी गाडी काढली आणि चौकाच्या बरोब्बर मधोमध दुसरा पडेना. पहिल्यातही परत जाईना. इंजिन बंद पडलं. चारही बाजूंनी बस, लॉऱ्या, स्कूटर. एका बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढून तेलुगूत सांगितलं की अम्मा, घरी बस, आमची पोटं का मारतेस. लोक हसले. हसणाऱ्यांत त्यांच्या शाळेची एक मुलगी होती, रिक्षात बसलेली. ती मुद्दाम हसली नसेल, सगळे हसले म्हणून हसली असेल. पण तारामतीबाई खाली उतरल्या, वळसा घालून डाव्या बाजूला आल्या आणि हिम्मतरावांना म्हणाल्या, "तुम्ही घ्या."

त्यांनी घेतली. वाटेत ते म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांनाच सगळं जमत नाही." हे त्यांनी मायेनं म्हटलं होतं. रागावून म्हटलं असतं तर कदाचित तारामतीबाई हट्टाला पेटल्या असत्या.

त्याच वर्षी संस्थेनं कीसऱ्याला मुलींची नवी निवासी शाळा काढली. कीसरा तेव्हा शहराबाहेर, खडकाळ टेकड्यांच्या पायथ्याशी. संस्थेच्या चिटणीसांनी तारामतीबाईंना बोलावून विचारलं, मुख्याध्यापिका म्हणून याल का. शाळा उभी करायची होती, शिक्षक निवडायचे होते, सगळं पहिल्यापासून. तारामतीबाईंच्या मनात अशा शाळेचं चित्र कितीतरी वर्षं होतं. गणिताचा तास वर्गाबाहेर कसा घ्यायचा, मुलींना हिशोबाची भीती का वाटते, यावर त्या घरी तासन्‌तास बोलत.

अडचण एकच होती. काचीगुड्याला आई अंथरुणाला खिळली होती आणि रोज संध्याकाळी तिच्याकडे जाणं चुकवता येत नव्हतं. कीसऱ्याच्या बस मोजक्या, त्याही इ. सी. आय. एल.च्या चौकात बदलायच्या. संध्याकाळची चुकली की आईकडे पोचायला अंधार पडायचा. हिम्मतरावांची ड्युटी सकाळी लवकर लागायची, ते नेऊन सोडू शकत नव्हते.

"गाडी असती तर झालं असतं," तारामतीबाई म्हणाल्या.

"गाडी आहे," हिम्मतराव म्हणाले.

मग तेच म्हणाले, "ड्रायव्हर ठेवू या का?" पण शिक्षिका आणि फिटर यांच्या घरात ड्रायव्हर ठेवणं त्या काळी दोघांनाही विचित्र वाटलं, आणि तो विषय तिथंच राहिला. तारामतीबाईंनी चिटणीसांना नकार कळवला. कीसऱ्याला दुसऱ्या बाई गेल्या. त्या चांगल्या होत्या, शाळाही चांगली चालली. तारामतीबाई जुन्याच शाळेत राहिल्या, सहशिक्षिका म्हणून, अखेरपर्यंत.

पुढची वर्षं जशी जातात तशी गेली. आई गेली. मुलगी वसुधा मोठी झाली. कॉलेजात असताना एकदा तिनं विचारलं, "आई, मी शिकू का गाडी?" तारामतीबाई पोळ्या लाटत होत्या. मागं न बघता त्या म्हणाल्या, "आपल्याला नाही जमत गं ते. मनगटात जोर लागतो. तू स्कूटी शीक." वसुधा स्कूटी शिकली. पुढे ती राज्य सरकारच्या नोकरीत लागली, तिथंच तिला चलपती भेटला. गुंटूरकडचा, शांत, भाताशिवाय न जेवणारा. लग्न थाटात झालं आणि ती दोघं नल्लकुंट्याला राहू लागली.

मग राज्य दुसऱ्यांदा फुटायची वेळ आली. तारनाक्याला राहणाऱ्यांना ते पेपरात वाचावं लागलं नाही. युनिव्हर्सिटीकडून घोषणा यायच्या, कधी अश्रुधुराचा धूर खिडकीतून आत यायचा, आठ-आठ दिवस बस बंद असायच्या. अशा दिवसांत हिम्मतराव गाडी काढत आणि गल्लीतल्या कुणाकुणाला दवाखान्यात, परीक्षेला नेऊन सोडत. रेल्वेतून ते निवृत्त झाले होते, गाडी मात्र तीच होती, फक्त पांढऱ्याची पिवळट झालेली.

चौदा साली उन्हाळ्यात नवं राज्य झालं आणि तारामतीबाई शाळेतून निवृत्त झाल्या. त्याच सुमारास हिम्मतरावांचा डावा खांदा धरला. आधी शर्ट घालताना कळ येई, मग हात कानापर्यंत जाईना. डॉक्टरांनी खांदा आखडल्याचं सांगितलं, व्यायाम दिले आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. आता गाडी गेटात उभी राहू लागली. वसुधा म्हणाली, विकून टाका. हिम्मतराव म्हणाले, बघू.

व्यायामासाठी त्यांना एक दिवसाआड न्यावं लागे. एकदा रिक्षा मिळेना म्हणून त्यांचे वर्कशॉपमधले जुने सोबती हणमंतराव आले. ते शेजारच्या गल्लीत राहत. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या गाड्यांचा नाद लागला होता. "किल्ली द्या, मी नेतो," म्हणाले. हिम्मतराव पुढे बसले, तारामतीबाई मागे.

गल्लीच्या तोंडाशी हणमंतरावांनी दुसरा टाकला आणि थबकले. पुन्हा पहिल्यात घेतला, पुन्हा दुसऱ्यात.

"हिम्मतराव, ही गाडी चालवत कशी होता तुम्ही?"

"का? काय झालं?"

"हा गिअर केवढा जड आहे."

"पहिल्यापासून तसाच आहे."

"नाही हो," हणमंतराव म्हणाले. "असा नसतो."

तारामतीबाई मागच्या सीटवर बसून हे ऐकत होत्या. बाहेर तारनाक्याचा चौक गेला, पूल गेला. हिम्मतराव आणि हणमंतराव दुसऱ्याच कुठल्या गोष्टीवर बोलू लागले. तारामतीबाईंनी मात्र ते दोन शब्द धरून ठेवले. दवाखान्यात हिम्मतराव आत गेले तेव्हा त्या हणमंतरावांना म्हणाल्या, "भाऊजी, मघाशी म्हणालात ते. नीट होतो का तो?"

"होतो की. मोठं काम नाही. गाडीच्या किमतीच्या मानानं तर काहीच नाही. पण आता चालवणार कोण, वहिनी?"

"ते बघू. आधी करा."

रविवारी सकाळी हणमंतरावांनी अंगणात गाडी जॅकवर चढवली. हिम्मतराव खुर्ची टाकून बसले, तारामतीबाई पायरीवर. हणमंतरावांनी गाडीखालून हात बाहेर काढला, त्यात एक छोटी प्लॅस्टिकची चकती होती. एका बाजूनं झिजून तिचं भोक लांबुळकं झालं होतं. "हे बघा," ते म्हणाले. "दांड्याखाली एक लांब सळई असते, ती गिअरबॉक्सला जाते. तिच्या सांध्यांत हे बुश. हे असे झिजले की तुम्ही हात हलवता, पण निम्मं हलणं इथंच वाया जातं. गिअर जागेवर जाईपर्यंत दांडा संपतो." मग त्यांनी क्लचची केबल दाखवली. तिचे धागे सुटून ती आत घासत होती, त्यामुळे पेडल तळाला टेकलं तरी क्लच पुरता सुटत नव्हता. शेवटी गिअरबॉक्सचं तेल काढलं. ते काळं, चिकट, परातीत पडताना तुटतच नव्हतं. हणमंतरावांनी ते दोन बोटांत धरून पाहिलं.

"हे लॉरीचं तेल आहे. कुणीतरी गिअरचा आवाज दाबायला घातलेलं. गाडी विकायच्या आधी करतात असं."

"मग मी बदललं की मध्ये," हिम्मतराव म्हणाले.

"कुठलं घातलंत?"

"जे आधी होतं तेच. मेकॅनिकनं विचारलं, मी म्हटलं, जे आहे तेच घाल."

दुसऱ्या दिवशी तारामतीबाई हणमंतरावांबरोबर अफझलगंजला गेल्या. मुसी नदीच्या अलीकडे स्पेअर पार्टची दुकानं एकाला एक लागून होती, बाहेर टायर आणि सायलेन्सर टांगलेले. हणमंतरावांनी कंपनीचे बुश घेतले नाहीत, बाजारात बनवलेले कडक नायलॉनचे घेतले. ते स्वस्त होते आणि जास्त टिकत. नवी केबल घेतली, नेमून दिलेलं पातळ तेल घेतलं. मग दुकानदारानं एक धातूचा गोळा काढून काउंटरवर ठेवला.

"अम्मा, ये भी ले लो. दांडे का मुठ्ठा. वजन है इसमें, हात को काम कम पडता."

तारामतीबाईंनी तो उचलून पाहिला. तळहातात गच्च बसला. जुन्या दांड्यावरची मूठ हलकी होती, फाटलेली होती आणि त्यांच्या हाताला कायम आखूड पडायची. हे त्यांना आत्ता, हातात दुसरी आल्यावर कळलं. "घेऊ या," त्या म्हणाल्या.

सगळं बसवून झालं तेव्हा दुपार कलली होती. हणमंतरावांनी इंजिन चालू ठेवलं आणि बाहेर आले. "वहिनी, बसा. नुसते टाकून बघा."

तारामतीबाई बसल्या. क्लच दाबला. मुठीवर हात ठेवला आणि सवयीनं दंड ताठ केला. पहिला पडला. मग त्यांनी दांडा मागे घेतला, आणि हात इतक्या सहज मागे आला की आपण काही चुकलो असं त्यांना वाटलं. पुन्हा केलं. मग दोनच बोटांनी केलं. दुसरा पडला, बारीक टक् असा आवाज करून. तिसरा, चौथा, पुन्हा दुसरा.

त्या कितीतरी वेळ तेच करत राहिल्या. हणमंतराव हात धुवायला नळावर गेले. हिम्मतराव खुर्चीतून उठून गाडीच्या खिडकीशी आले होते.

"बघू," ते म्हणाले. त्या उतरल्यावर आत बसून त्यांनी दुखऱ्या हातानं, जुन्या सवयीनं दांडा हाणला. तो आपटला आणि त्यांच्याच खांद्यात कळ गेली. मग त्यांनी हळू टाकून पाहिला. आणि ते खाली उतरले.

चहाला दोघंच होती. हणमंतराव घरी गेले होते. हिम्मतरावांनी बशीत चहा ओतला आणि तसाच ठेवला.

"तेव्हाच कुणाला तरी दाखवायला हवं होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला जड वाटत नव्हता?"

"वाटायचा की. मला वाटायचं गाड्या अशाच असतात. मी दुसरी कुठली चालवली होती?"

"मी चालवली होती," तारामतीबाई म्हणाल्या.

हिम्मतरावांनी बशीतला गार झालेला चहा संपवला. खरं तर तारामतीबाईंना त्यांना लागेल असं बोलायचं नव्हतं. पण ज्या बाईनं वर्गात मुलींना उत्तर चुकलं तर आधी प्रश्न तपासा म्हणून आयुष्यभर सांगितलं, तिनं स्वतःचा हात चुकीचा धरला आणि गाडी बरोबर धरली. बरकतपुऱ्याच्या गल्ल्यांतून आपण गाडी फिरवली होती, हे त्यांना माहीत होतं. मोईनसाहेब त्यानंतर पुष्कळ वर्षं हयात होते. एकदा काचीगुड्याला जाऊन त्यांना विचारलं असतं, साहेब, तुमचा पाय क्लचवर होता का, तर ते पान थुंकून सांगणारे गृहस्थ होते. विचारावंसंच वाटलं नाही.

लायसनची मुदत पन्नाशीलाच संपली होती. आता उप्पलच्या ऑफिसात नव्यानं परीक्षा द्यावी लागली. त्या पास झाल्या. तिथल्या माणसानं वय पाहून एकदा वर बघितलं, एवढंच. मग त्या हिम्मतरावांना व्यायामाला नेऊ लागल्या, बाजारात जाऊ लागल्या. हब्सीगुड्याचा चौकही पार केला. मे महिन्यात धातूची मूठ उन्हानं इतकी तापायची की हात लावता येईना, म्हणून त्यांनी तिला दोऱ्याचं विणकाम करून टोपडं घातलं. गल्लीतल्या लोकांना काही दिवस नवल वाटलं, मग तेही संपलं. हिम्मतराव डाव्या सीटवर बसू लागले. पहिल्या पहिल्यांदा त्यांचा हात दांड्याकडे जाई, मग ते तो मांडीखाली धरून ठेवत.

एकदा रिंग रोडवरून येताना कीसऱ्याची पाटी लागली. हिम्मतराव म्हणाले, "जायचं का? शाळा बघून येऊ."

"कशाला?" तारामतीबाई म्हणाल्या. "मला तिथं कोण ओळखतं?" आणि गाडी सरळ घेतली. त्या रागावल्या नव्हत्या. जेवताना हिम्मतराव आपणहून म्हणाले, "तू ती शाळा फार चांगली चालवली असतीस." ही गोष्ट त्यांनी एवढ्या वर्षांत कधी म्हटली नव्हती. तारामतीबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला. त्यांना ते ऐकायला बरं वाटलं आणि त्याच वेळी असंही वाटलं की नसतं म्हटलं तर बरं झालं असतं.

इकडे दोन राज्यांत सरकारी माणसांची वाटणी चालू होती. कोण कुठला, कोणाचं शिक्षण कुठं झालं, यावर सगळं ठरायचं. वसुधा इथलीच ठरली, चलपती तिकडचा. नवरा-बायकोला एकत्र राहता यावं म्हणून तिनं तिकडे मागून घेतलं. सोळा सालच्या उन्हाळ्यात कार्यालयं विजयवाड्याकडे हलली, तेव्हा त्यांचं सामान लॉरीनं गेलं आणि ती दोघं रेल्वेनं. तारामतीबाईंनीच त्यांना स्टेशनवर सोडलं. वसुधा मागे बसून आईच्या हाताकडे बघत होती. "केवढी आरामात चालवतेस गं," ती म्हणाली. तारामतीबाईंना त्या वेळी काहीतरी सांगायचं होतं, पण गाडीची वेळ झाली होती, चलपती बॅगा मोजत होता.

फोनवर कळायचं. तिकडे सगळं नवं, कार्यालय शहराबाहेर, नदीपलीकडच्या शेतांत. ऑफिसची बस पहाटे निघते, संध्याकाळी उशिरा सोडते. चलपतीची कचेरी दुसरीकडे, गाडी तो नेतो. वसुधाला तिथल्या बढतीबद्दल विचारलं होतं, पण त्यात फिरती होती, जिल्ह्यातली गावं बघायची होती. "नाही म्हटलं, आई," ती सहज म्हणाली. "कसं जाणार रोज? स्कूटीनं एवढं लांब होत नाही."

तारामतीबाई फोन धरून उभ्या होत्या. "गाडी का नाही शिकत?"

"तूच म्हणायचीस ना, आपल्याला जमत नाही म्हणून," वसुधा हसून म्हणाली आणि भाजी जळेल म्हणत फोन ठेवून दिला.

त्या रात्री जेवण झाल्यावरही तारामतीबाई बराच वेळ ओट्याशीच होत्या. हिम्मतरावांनी विचारलं, काय गं, काय झालं. "काही नाही," त्या म्हणाल्या. कीसऱ्याचं त्यांनी मनाला समजावलं होतं. स्वतःचं गेलं ते गेलं. पण पोळी लाटता लाटता, मागे वळूनही न बघता आपण पोरीच्या हातात काय दिलं, हे त्यांना समजावता येईना.

दिवाळीला वसुधा चार दिवस आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तारामतीबाईंनी तिला उठवलं. "चल माझ्याबरोबर." युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर गर्दी नव्हती. गाडी थांबवून त्या डाव्या बाजूला आल्या आणि लेकीला उजवीकडे बसवलं. क्लच सांगितला, ब्रेक सांगितला. "जोर लावायचा नाही. नुसता हात ठेव."

वसुधाची गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा निघाली. झाडांखालून हळूहळू जाऊ लागली. "आता क्लच, आणि मागे घे," तारामतीबाई म्हणाल्या. वसुधानं विणलेल्या टोपड्यावर हात ठेवून दांडा मागे घेतला. दुसरा पडला. मग तिसरा. लायब्ररीपर्यंत जाऊन तिनं गाडी वळवलीसुद्धा. येताना तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि तारामतीबाई तिच्याकडे न बघता समोर रस्त्याकडे बघत होत्या.

वसुधानं गाडी कडेला थांबवली. मूठ अजून तिच्या हातात होती.

"आई, हे तर सोपं आहे."

"हो," तारामतीबाई म्हणाल्या.

"तिकडे गेल्यावर स्कूलला नाव घालू म्हणतेस? पण ती बढतीची जागा तर आता दुसऱ्याला दिली." तिनं मुठीवरचा हात काढून घेतला. "आणि या वयात, बस आहे तर... बघू."

तिनं अगदी हिम्मतरावांसारखं 'बघू' म्हटलं. तारामतीबाईंना पुढे बोलायचं होतं. वय म्हणजे काय, मी केव्हा शिकले बघ, असलं काहीतरी. पण आपलं ऐकून जी एकदा थांबली, तिला आता आपल्याच सांगण्यावरून पुढे हो म्हणायचा त्यांना धीर झाला नाही.

"उतर," त्या म्हणाल्या, "मी घेते. बाबा फराळाला थांबले असतील."